मुंग्यांचा चातुर्मास

कारंजा (लाड),
श्रावण वद्य तृतीया, सन १९७३

श्रीमान पूनमचंदजी यांच्या सेवेशी, मुक्काम नागपूर,

कारंज्याहून आपल्या घरचा जावई ज्ञानचंद याचा दोन्ही हात जोडून जय जिनेंद्र. आपला उजवा गुडघा आता जिना चढू देतो, की अजून दुकानाच्या पहिल्याच पायरीवर कुरकुर करतो, ते सविस्तर कळवावं. सौ. रुपाबाई वहिनींच्या पित्ताला आमच्या आईनं सांगितलेला मोरावळा मानवला असेल अशी आशा आहे (मानवला नसेल तर आईला तसं कळवू नये, ती दुसरा उपाय सांगेल आणि तो याहून कडू असेल). इकडे आई, आपली बहीण सौ. राजमती आणि मी असे तिघंही सुखरूप आहोत. तिघांत मी जरा कमी सुखरूप आहे, कारण माझं जेवण सध्या टांगणीला लागलेलं आहे, आणि ते खाली उतरवणं नागपूरच्या एका दुकानाच्या व आपल्या हातात आहे.

आपण रजिस्टर डाकेनं पाठवलेला कॅटलॉग मिळाला. तीन दिवसांत मी तो इतक्या वेळा वाचला की आता पुस्तक न उघडता कुठलंही पान म्हणून दाखवू शकतो. सोबतच्या चिठ्ठीत आपण विचारलं आहे की घरात चांगला चालता रेकॉर्ड-प्लेअर असताना नवा कशाला पाहिजे. प्रश्न रास्त आहे. प्लेअर चालता आहे. मोटर उत्तम, थाळी उत्तम, सुई तर गेल्या दिवाळीतली. अ‍ॅम्प्लिफायर आणि सागवानी पेट्यांतले दोन स्पीकर यांना तर अख्ख्या तालुक्यात कोणी नाव ठेवू शकत नाही (पेट्या मी समोर बसून सुताराकडून करून घेतल्या, हे आपल्याला प्रत्येक भेटीत सांगितलेलं आहे, तेव्हा पुन्हा सांगत नाही). बिघाड कशातच नाही. फक्त प्लेअरमध्ये सध्या मुंग्या राहतात.

पण मुंग्यांकडे येण्याआधी माझ्या नियमाकडे यावं लागेल, कारण नुसत्या मुंग्या असत्या तर मी त्यांना निभावून नेलं असतं. यंदा मुनिमहाराजांचा चातुर्मास आमच्या गावी आहे. पहिल्या दिवशी प्रवचन संपल्यावर एकेक गृहस्थ उठून नियम घेऊ लागला. कोणी तूप सोडलं, कोणी साखर सोडली, एकानं पायातले जोडे सोडले. माझ्या अगदी पुढं बसलेल्या माणसानं तर सरसकट गोड सोडलं आणि तो खाली बसला तेव्हा त्याचा चेहरा पाहून मला माझी काळजी वाटू लागली. माझी पाळी येत होती आणि माझ्या डोळ्यांपुढं आईचे मुगाचे वडे तरंगत होते. आणि तेवढ्यात मला ती बुद्धी झाली, जिचा मला पुढं आठ दिवस फार अभिमान वाटला. मी उभा राहिलो आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "रोज सकाळी संपूर्ण स्तोत्र कानांनी ऐकल्याशिवाय अन्न घेणार नाही." मंडपात वाहवा झाली. आतली गोष्ट अशी की आमच्या स्टिरिओवर रोज सकाळी साडेसातला स्तोत्राची रेकॉर्ड वाजतेच. मला काय, आरामखुर्चीत बसून कान उघडे ठेवायचे (डोळे मिटले तरी चालतात, आणि ते पुष्कळदा मिटतात). वाहवा ऐकून मला जोर चढला आणि मी असंही जाहीर केलं की गल्लीतल्या कोणालाही रोज आमच्या ओसरीवर येऊन यंत्रावर स्तोत्र ऐकता येईल. बायकांच्या बाजूनं आपल्या बहिणीनं माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ मला सोळा वर्षांच्या संसारात ठाऊक झालेला आहे, पण मंदिरात आपल्याला काही कळत नाही असं दाखवता येतं.

नवव्या दिवशी सकाळी मी थाळीवर रेकॉर्ड ठेवली आणि खटका दाबणार, तोच आई ओरडली, "ज्ञानू, थांब रे!" आईची नजर सत्तरीतही अशी आहे की डाळीतला खडा तिला ओसरीवरून दिसतो. थाळीच्या कडेखालून एक बारीक काळी रांग निघाली होती आणि प्रत्येकीच्या तोंडात पांढरं काहीतरी होतं. मी रेकॉर्ड काढली, थाळी अलगद उचलली. खाली मोटरच्या उबेला, रबराच्या चाकाला वळसा घालून मुंग्यांनी अख्खं गाव वसवलं होतं, अंड्यांसकट. खटका दाबला की ते चाक फिरणार, आणि चाक फिरलं की काय होणार ते मी लिहीत नाही. आपणही जैनाच्याच घरात जन्मलेले आहात. (आईनं हाक मारायला एक पळ उशीर केला असता तर, हा विचार आजही त्या खटक्याकडे पाहिलं की येतो. हे थट्टेत लिहीत नाही.) तर परिस्थिती अशी झाली. स्तोत्र ऐकल्याशिवाय जेवायचं नाही हा मी घेतलेला नियम, आणि जीव मारायचा नाही हा जन्मासोबत आलेला. दोघांच्या मधोमध मी, सकाळपासून उपाशी.

मी आईला म्हटलं, दोन-चार दिवसांत जातील आपणहून. आई म्हणाली, "काहून जातील? चातुर्मासात महाराज बी एका जागी राह्यतात. मंग मुंग्याईनंच काहून उठावं?" यावर काही उत्तर असेल तर नागपूरच्या पंडितजींना विचारून कळवावं, कारंज्यात कोणाजवळ नाही. मग मी एस.टी. स्टँडजवळच्या ग्यानबाला बोलावलं. तो रेडिओ दुरुस्त करतो आणि माणूस गुणी आहे. त्यानं वाकून पाहिलं, हसला आणि पिशवीतून बाटली काढत म्हणाला, "शेटजी, घासलेटाचे चार थेंब टाकतो. पाच मिन्टात मशीन मोकयी." आईनं त्याला बसवून चहा पाजला, आणि चहा संपल्यावर त्याची पिशवी स्वतःच्या हातानं उचलून रस्त्यावर ठेवून आली. ग्यानबा अजून मला विचारतो की त्याचं काय चुकलं.

यानंतर मी डोकं चालवलं. (राजमतीचं म्हणणं असं की खरी गडबड तिथूनच सुरू झाली.) प्लेअर जागचा हलवायचा नाही, नाहीतर अंडी सांडतील. तेव्हा प्लेअरपासून टेबलावरून, टेबलाच्या पायावरून, खोलीतून, थेट परसातल्या पेरूच्या झाडापर्यंत मी पिठीसाखरेची एक रेघ ओढली. बेत असा की मुंग्या साखर खात खात बाहेर जातील आणि पेरूखाली नवं घर करतील. पण रस्ता म्हटला की त्यावरून दोन्हीकडची माणसं चालतात, हे मी व्यापारी असून माझ्या ध्यानात आलं नाही. संध्याकाळपर्यंत पेरूखालच्या मुंग्या साखर खात खात आत आल्या. दोन्ही गावांची सोयरीक जमली असावी, कारण दुसऱ्या दिवशी प्लेअरमध्ये दुप्पट वस्ती होती. त्यात भर म्हणजे रोज सकाळी प्लेअरच्या बाजूला कणकेची एक ताजी चिमूट टाकलेली दिसते. मी आईला म्हटलं, पुण्य करायचं तर पेरूखाली करावं, इथं कशाला. आई म्हणते, "मी नाई." आईनं यंदा खोटं बोलणं सोडलेलं आहे, तेव्हा तो प्रश्न तसाच राहिला आहे.

आपण विचाराल, मग जावई जिवंत कसा? त्या पहिल्या दिवशी मी खरोखर संध्याकाळपर्यंत उपाशी होतो. स्तोत्र स्वतःच मोठ्यानं वाचून स्वतःच ऐकावं म्हणून पोथी उघडली, पण माझी जीभ चौथ्या श्लोकात अशी अडकली की आईनं येऊन पोथी मिटवली आणि म्हणाली, "हे ऐकनं नोहे बापा, हे स्तोत्राचे हाल हायेत." दिवस मावळल्यावर आपल्यात पान वाढता येत नाही, आणि ऊन तर भिंतीवर चढत चाललं होतं. साडेपाचला आई स्वयंपाकघरात गेली आणि राजमतीला हाताला धरून बाहेर घेऊन आली. ती हाताला पीठ असतानाच पाटावर बसली, डोळे मिटले आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत सगळं स्तोत्र म्हणाली. पोथीला हात लावला नाही. रेकॉर्डला बावीस मिनिटं लागतात, तिला सव्वीस लागली. सव्वासहाला मी जेवलो. (तिला ते पाठ आहे हे मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "तू कधी बोलली नाहीस?" ती म्हणाली, "तुमी कधी इचारलं?" आपल्याला माहीत असणारच. सोळा वर्षांत एका पत्रात कळवलं असतं तर माझा एक दिवस वाचला असता.)

तेव्हापासून रोज सकाळी ती म्हणते आणि मी जेवतो. पण ही तात्पुरती सोय आहे. भाद्रपदात दशलक्षण पर्व लागलं की तिचे स्वतःचे उपास सुरू होतात, आणि तिनं मला स्पष्ट सांगितलं आहे, "पर्व लागेपर्यंत म्हनते. पुढं तुमचं यंत्र जानो आन तुमी जाना." म्हणजे माझ्याजवळ जेमतेम पंधरा दिवस उरले आहेत. तेवढ्यात दुसरं यंत्र आलं नाही, तर मुगाचे वडे वाचवण्यासाठी घेतलेल्या नियमापायी मला कार्तिकापर्यंत मुगाचे वडे लांबूनच पाहावे लागतील.

म्हणून मी शोधाला निघालो. आसेगावचे उदयसिंग हे आमच्या कापडदुकानाचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळचा चावीचा फोनो आहे, भोंग्यासकट, असं ऐकून होतो. स्तोत्राची रेकॉर्ड छातीशी धरून एस.टी.त चढलो. माझा चेहरा आणि छातीशी धरलेली ती चौकोनी वस्तू पाहून एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, "कोन गेलं बापा?" आणि मला खिडकीजवळ जागा करून दिली. (मी खरं काय ते सांगितलं नाही. जागा चांगली होती.) उदयसिंगांनी आनंदानं फोनो ओसरीवर आणला, चाळीस वेळा चावी फिरवली, आणि मी रेकॉर्ड ठेवली. आता हे मला आधी कळायला पाहिजे होतं की चावीचं यंत्र एकाच गतीनं फिरतं आणि ती गती जुन्या लहान रेकॉर्डींची असते. तंबोरा सुरू झाला तो पिसाटासारखा, आणि भोंग्याची ती खिळ्याएवढी सुई रेकॉर्डवरून काळा भुसा काढत चालली. उदयसिंगांनीच झटकन सुई उचलली आणि गंभीरपणे म्हणाले, "शेटजी, देवाचं नाव हाय. इतल्या घाईनं घेऊ नाई." सुरुवातीचा तंबोरा थोडा सोलला गेला, स्तोत्र वाचलं. त्यांनी फोनो मला तसाच देऊ केला होता. मी नको म्हटलं तर वाईट वाटून त्यांनी पिशवीभर दोडके दिले.

दुसरं यंत्र रामधनचं. हा पोहरादेवीच्या यात्रेत भोंगे लावतो आणि एरवी लग्नांत. चातुर्मासात लग्नं बंद, म्हणून त्याचं सगळं सामान घरी पडून होतं आणि तो स्वतः माझ्याकडे चालत आला. त्याच्या प्लेअरला एक विद्या येते. मधल्या दांड्यावर सहा रेकॉर्डी रचून ठेवाव्या. खालची वाजून संपली की वरची आपोआप थाळीवर पडते आणि वाजू लागते. मी हे पाहून हरखून गेलो. पण त्याची तार माझ्या अ‍ॅम्प्लिफायरला बसेना, म्हणून त्यानं स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर लावला, आणि त्याला माझे स्पीकर जमेनात म्हणून स्वतःचा भोंगा लावला, आणि भोंगा छपराखाली ठेवायची त्याला सवय नाही म्हणून तो आमच्या गच्चीवर चढवला. या सगळ्यात साडेनऊ वाजले. शेवटी स्तोत्र सुरू झालं ते साऱ्या कारंज्यावरून गेलं. धान्यबाजारातल्या हमालांनी पोती खाली ठेवून हात जोडले असं मागाहून कळलं. मी आरामखुर्चीत डोळे मिटून बसलो होतो आणि माझ्या मनात आलं की नियम पाळावा तर असा.

आता साडेनऊ-दहा ही महाराजांची दिवसातल्या एकुलत्या एका आहाराला निघायची वेळ. गेले कित्येक दिवस आई त्या वेळेला धुतलेलं लुगडं नेसून, हातात कलश घेऊन दारात उभी राहायची आणि रोज महाराज दुसऱ्या कोणाच्या दारी थांबायचे. त्या दिवशी ते पहिल्यांदा आमच्या गल्लीत वळले. आमच्यापासून दोन घरांवर आले. आईनं कलश दोन्ही हातांनी वर धरला. तेवढ्यात स्तोत्र संपलं. वर खट्ट असा आवाज झाला आणि रामधनच्या दांड्यावरची दुसरी रेकॉर्ड खाली पडली. ती वरातीतली होती. तिच्यात नवरदेव आपल्या मेहुणीला जे काही म्हणतो ते मी लिहू शकत नाही. आपण वयानं मोठे आहात आणि नात्यानं तर फारच अडचणीचे आहात. मी गच्चीकडे धावलो, तिथं फक्त भोंगा. खाली धावलो, तर बटणं सात आणि बंद करायचं कोणतं ते एकट्या रामधनला माहीत, आणि रामधन कोपऱ्यावर चहा पीत होता. महाराज क्षणभर थांबले, मग शांतपणे पुढं जाऊन समोरच्या घरी उभे राहिले. आईनं आत येऊन कलश खाली ठेवला. मला एक शब्द बोलली नाही. दिवसभर बोलली नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी खुशाल खाल्ल्या असत्या, पण तो गप्प चेहरा पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी मी प्रायश्चित्त मागायला महाराजांकडे गेलो आणि मुंग्यांपासून मेहुणीपर्यंत सगळं सांगितलं. महाराज दक्षिणेकडचे, हिंदीत बोलतात. त्यांनी विचारलं, "यंत्र क्यों चाहिए?" मी म्हटलं, स्तोत्र सुनने के लिए. "अभी कौन सुनाता है?" मी म्हटलं, घरवाली. "तो क्या सुनाई नहीं देता?" मी मुदतीचं सांगितलं, यंत्रांच्या गतीचं सांगितलं, कॅटलॉग मागवल्याचंही सांगितलं. महाराजांनी ऐकून घेतलं आणि प्रायश्चित्त एवढंच दिलं की इथून पुढं आरामखुर्ची सोडून जमिनीवर बसून ऐकायचं. मला वाटलं, स्वस्तात सुटलो.

तेव्हापासून मी राजमतीच्या समोर, चार हातांवर, चटईवर बसतो. तिथं डोळे मिटून चालत नाही, कारण ती मध्येच उघडून पाहते. तिचा आवाज तसा बरा आहे. रेकॉर्डवरचा गवई शिकलेला आहे, ही काही गाणं शिकलेली नाही, तेव्हा दोघांची तुलना करू नये. शिवाय गवई कधी दोन श्लोकांच्या मध्ये त्याच सुरात "दूध उतू जाते, पाहा जरा" असं म्हणत नाही. ही म्हणते, आणि मी जाऊन दूध उतरवून येतो तोपर्यंत पुढचा श्लोक अडवून धरते, कारण माझा नियम संपूर्ण ऐकण्याचा आहे. यंत्र ऐकायला गल्लीतली मोजून पाच माणसं यायची. आता वीस येतात आणि आपापल्या चटया घेऊन येतात. रेकॉर्ड वाजायची तेव्हा आई हमखास पेंगायची, हल्ली शेवटपर्यंत जागी असते. भोंग्याच्या प्रकारानंतर चौथ्या दिवशी महाराज आमच्या दारी थांबले, आईच्या हातचा आहार झाला, आणि आई आता माझ्याशी बोलते. हे सगळं आपल्या माहितीसाठी. सोय तात्पुरती आहे, हे वर लिहिलंच आहे.

तर आता मुद्द्याचं, कोणतं यंत्र घ्यावं. कॅटलॉगमधलं पहिलं नको. त्यात रबराचं चाक आहे आणि आमच्याकडच्या मुंग्यांना त्या चाकाची गोडी लागलेली आहे. दुसऱ्यात थाळी पट्ट्यानं फिरते. तो पट्टा चामड्याचा तर नाही ना, हे दुकानदाराला शपथेवर विचारावं. चामड्याचा असेल तर त्यावरून निघालेलं स्तोत्र आई घरात येऊ देणार नाही. माझं मन तिसऱ्यावर आहे. विलायती आहे, त्याला चाक नाही की पट्टा नाही, मोटर थेट थाळीच्या पोटात आणि खालून सगळं पत्र्यानं बंद, मुंगीला शिरायला फट नाही. शिवाय लिहिलं आहे की विजेचा दाब कमी झाला तरी गती ढळत नाही. आमच्या शेजारी पिठाची चक्की आहे. ती सुरू झाली की रेकॉर्डवरचा गवई एकदम खर्जात जातो (राजमती म्हणते, "गवयाले सर्दी झाली"). तिसरं यंत्र आलं की ती अडचणही जाईल. गल्लीत मी तसं सांगूनही ठेवलं आहे. पार्सल मूर्तिजापूरहून छोट्या रुळांच्या गाडीनं यावं आणि वर मोठ्या अक्षरात "लोणचं" असं लिहावं. यंत्राला कोणी जपत नाही, लोणच्याला सगळे जपतात.

वहिनींना माझा नमस्कार, मुलांना माझ्या वाटचे दोन-दोन पेढे आणि आपल्या गुडघ्याला आठ दिवस विश्रांती द्यावी.

आपला,
ज्ञानचंद

ता. क. – तिसऱ्या यंत्राचं झाकण काळं असेल तर पांढरं मागावं. काळ्यावर काळी मुंगी दिसत नाही.

ता. क. दुसरा – वर लिहिलेलं सगळं खरं आहे, पण पार्सल पाठवू नये. मुंग्या गेल्या मंगळवारी गेल्या. मी सहज थाळी उचलून पाहिली तर चाक मोकळं होतं, एक अंडं नाही की एक मुंगी नाही. मी थाळी परत ठेवली, वर कापड झाकलं आणि घरात कोणाला बोललो नाही (खोटं बोलणं आईनं सोडलं आहे, मी नाही). यंत्र बंद आहे म्हणून राजमती म्हणते. ते सुरू झालं की ती उठून स्वयंपाकघरात जाईल आणि आपलं आपल्याशी हळू म्हणेल. इतकी वर्षं ती तिथं चूल पेटवताना हेच म्हणत होती, आणि लग्नानंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षी मीच तिला एकदा ओरडून सांगितलं होतं की जरा हळू, रेडिओ ऐकू येत नाही. तेव्हापासून तिनं आवाज चढवला नाही. हे मला परवा चटईवर बसलेलो असताना आठवलं आणि मला फार लाज वाटली. तिच्या भावाला हे लिहितानाही वाटते आहे. तर विनंती एवढीच की ती विचारेल तेव्हा आपण लिहावं, विलायती माल बोटीवर अडकला आहे, कार्तिकाआधी सुटत नाही. पर्व संपलं की मी तिला पुन्हा विनवीन; दशलक्षणात ती म्हणणार नाही, ते दहा दिवस मी उपाशी काढीन. लोक काढतात.

ता. क. तिसरा – भाऊ, हे मी राजमती लिहिते. पाकीट चिकटवायची खळ माझ्या स्वयंपाकघरात असते, हे यांच्या ध्यानात राहत नाही. सगळं वाचलं. मुंग्या मंगळवारी नाही, रविवारीच गेल्या. कणकेची चिमूट मीच टाकत होते, तरी गेल्या. मुदत मी रागात घातली होती. उपासाला तोंड थोडंच बंद असतं, दशलक्षणातही म्हणीन, यांना उपाशी बसू देऊ नका. तिसऱ्या नंबरचं यंत्र खुशाल पाठवा. गल्लीत सांगून झालं आहे, यांची मान खाली जायला नको. फक्त त्याची सुई काढून वहिनींजवळ ठेवा, आणि हे यांना कळवू नका. इथल्या यंत्राची सुई मी रविवारीच काढली. मेथीच्या डब्यात आहे.